समोरच्या घरातला वारा

माझ्या जावेच्या घरात वारा येतो आणि माझ्या घरात येत नाही, हे मला कळलं ते तिच्याकडे चहा पिताना. टीपॉयवर वर्तमानपत्र पडलं होतं आणि त्याची पानं आपोआप उलटत होती. पंखा बंद होता. मी कप खाली ठेवला आणि त्या पानांकडे बघत राहिले.

"काय झालं ताई, साखर कमी पडली का?" जावेनं विचारलं.

"नाही गं, बरोबर आहे," मी म्हटलं.

चहा खरंच बरोबर झाला होता. माझंच तोंड कडू झालं होतं.

आमची दोन घरं समोरासमोर आहेत. सुरतेत, पर्वत पाटियाच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून जरा आत, एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर. मधे लिफ्ट आणि जिन्यापुरती मोकळी जागा. आम्ही मूळचे धुळ्याकडचे. सासरे तरुणपणी सुरतेला मिलमध्ये लागले आणि घर इथलंच झालं. ते गेले, पण दोन्ही भाऊ कापडाच्याच धंद्यात राहिले. माझे यजमान डाइंग मिलमध्ये सुपरवायझर, दिरांचं लेस-पट्टीचं दुकान. मी मराठी शाळेत शिकवते. जाऊ घरी मशीन चालवते, साड्यांना लेस लावून देते. इतकी वर्षं सगळे एकाच भाड्याच्या घरात दाटीनं राहत होतो. मग दोघा भावांनी मिळून ही दोन घरं घेतली, म्हणजे वेगळंही होता येईल आणि लांबही जावं लागणार नाही.

घर निवडायचा पहिला मान माझा होता, कारण मी थोरली. मी काय पाहिलं? स्वयंपाकघरातला लांबलचक ओटा पाहिला. भांडी घासायला केलेली चोकडी पाहिली. कपाटाला जागा किती, लिफ्ट किती जवळ, हे पाहिलं. खिडक्या पाहिल्या नाहीत असं नाही. पण दोन्ही घरांत त्या सारख्याच होत्या, म्हणून पुढे बघितलं नाही. खिडकी उघडते कुठे, हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नाही. माझी स्वयंपाकघराची आणि मोरीची खिडकी उघडते डक्टमध्ये, जिथे पाइप आहेत आणि कबुतरं आहेत. बाकीच्या उघडतात पूर्वेकडे, आणि तिथे शेजारची इमारत इतकी जवळ आहे की त्यांच्या फळीवरचा हळदीचा डबा कोणता आणि तिखटाचा कोणता, ते मी इथून सांगू शकते. जावेच्या खिडक्या पश्चिमेला. समोर रिकामे प्लॉट, त्यापलीकडे खाडी, आड काहीच नाही. उन्हाळ्यात सुरतेला दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो. तो वाटेत कुठेही न थांबता तिच्या हॉलमध्ये शिरायचा.

मी निवडलं होतं, आणि तिला उरलेलं मिळालं होतं. त्यामुळे तक्रार करायलाही तोंड नव्हतं. जळायला मात्र कुणी अडवत नव्हतं.

सासूबाई आमच्याकडे राहायच्या. थोरल्या मुलाचं घर म्हणून त्यांची ट्रंक, त्यांचा देव, त्यांची खाट, सगळं माझ्याकडे. पहिल्या उन्हाळ्यात मला मे महिन्याची सुट्टी होती. दुपारी जेवणं झाली की सासूबाई चटई गुंडाळायच्या, काखेत मारायच्या आणि समोर चालू लागायच्या.

"आई, पंखा मोठा करू का?" मी विचारायची.

"पंखा तेच गरम हवा फिरवस," त्या अहिराणीत म्हणायच्या. "तठे वारा लागस. आठे जीव घाबरस माय."

हळूहळू यजमानही. मिलमधून आले की आंघोळ करून बनियनवर समोर. "जरा बसून येतो," म्हणायचे, आणि चहाही तिथेच व्हायचा. मी माझ्या ओट्यावर पोळ्या लाटत असायची. घाम मानेवरून पाठीत उतरायचा, आणि समोरून सगळ्यांचं हसणं ऐकू यायचं. जाऊ मला बोलवायची नाही असं नाही. रोज बोलवायची. "ताई, या ना, इथे काय छान वाटतंय." त्या 'इथे'नं मला जास्त त्रास व्हायचा. आपल्या घरी गार वाटतंय हे सांगणाऱ्याचा आवाज कसा असतो, ते ज्याच्या घरी उकडतं त्यालाच कळतं.

मग पावसाळा आला, आणि मी मनात म्हटलं, आता बघू. पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. तिच्या खिडक्यांतून पाणी आत येईल, सोफा भिजेल, खिडक्या लावून बसावं लागेल. पाणी आलं, सोफाही भिजला. तिनं खिडक्या लावल्या, पाऊस थांबल्यावर उघडल्या आणि घर वाळलं. माझ्याकडे पाण्याचा थेंब आत आला नाही, पण घर वाळलंही नाही. कपडे बाहेर वाळेनात म्हणून मी बेडरूममध्ये दोऱ्या बांधल्या होत्या. शाळेच्या साड्या, यजमानांचे शर्ट, चादरी, सगळं तिथेच टांगलेलं, वर पंखा, आणि कबुतरं आत येतात म्हणून डक्टच्या खिडक्या कायमच्या बंद. आधी नुसता वास आला. मग एक दिवस कपाटाच्या मागे पडलेला कंगवा काढायला गेले, तर भिंतीवर हिरवट काळी बुरशी चढलेली. कपाटातल्या माझ्या लग्नातल्या शालूच्या घडीवरही पांढरे ठिपके.

सासूबाईंना जुना दमा. त्या पावसाळ्यात खोकला थांबेचना. डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं आणि विचारलं, "घरात ओल आहे का? हवा खेळती ठेवा."

मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "धाकलीना घरमा भरपूर हवा शे."

त्याच आठवड्यात दिरांनी आणि यजमानांनी मिळून त्यांची खाट समोर नेली. मागून ट्रंक गेली. देव मात्र माझ्याकडे ठेवले. तेवढा मान राखला. मी दारात उभी होते. सासूबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मी काय गाव सोडी जास का?" गाव सोडून जाणाऱ्याला निरोप देता येतो. समोर गेलेल्या माणसाचं काय करायचं, तेच कळेना.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या गुजराती भाभी भेटल्या. "बा सामेवाळा घरमां रहेवा गयां? केम, कंई थयुं?" बाहेरून बघणाऱ्याला काय दिसतं? सासू थोरलीचं घर सोडून धाकटीकडे गेली. आता मी लिफ्टमध्ये प्रत्येकाला बुरशी दाखवू का? मी म्हटलं, "हवा माटे," आणि भाभींनी अशी मान हलवली की त्यांचा एका शब्दावरही विश्वास बसला नसावा.

त्या दिवसापासून मला एकच ध्यास लागला. सासूबाईंना परत आणायचं. त्यांच्यावरच्या प्रेमापोटी म्हणावं तर ते पूर्ण खरं नाही. समोरच्या घरातून त्या जावेला "पोरी, जरा मन्ही पाठ दाबी दे" म्हणायच्या, तो आवाज मला सहन होत नव्हता. माझ्या लग्नानंतर वर्षानुवर्षं ती पाठ मी दाबली होती.

पाऊस उघडल्यावर मी कामाला लागले. एका रविवारी उदबत्ती पेटवली आणि घरभर फिरले. धूर कुठे जातो ते बघायचं होतं. यजमान खुर्चीत बसून बघत होते.

"कसली पूजा चालली आहे?"

"अहो, हवा बघतेय."

"दिसली की मलाही सांग."

बेडरूमच्या खिडकीशी उदबत्ती धरली, धूर सरळ वर गेला. हॉलमध्येही तसाच. स्वयंपाकघरात मी डक्टची खिडकी जोर लावून उघडली. वर्षभर न उघडलेली, किरकिरत उघडली. धूर जरा वाकला, पुन्हा सरळ झाला. मग काय वाटलं कोण जाणे, मी पुढचं दार उघडलं. धूर आडवा झाला. हॉलमधून थेट स्वयंपाकघराकडे, खिडकीतून डक्टमध्ये, आणि तिथून वर. हवेला आत यायला एक वाट लागते आणि बाहेर जायला दुसरी, इतकी साधी गोष्ट. मी एका बाजूच्या खिडक्या उघडून वर्षभर वाट बघत बसले होते.

मी डक्टच्या खिडक्यांना कबुतरांसाठी जाळी ठोकून घेतली आणि काचा कायमच्या उघड्या केल्या. मोरीत एक्झॉस्ट फॅन बसवला आणि आंघोळीनंतर भिंती सुकेपर्यंत तो कुणी बंद करायचा नाही असा नियम केला. कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. भिंत खरवडून रंगवून घेतली. ओल्या कपड्यांच्या दोऱ्या खोलीतून काढून गच्चीच्या जिन्यात नेल्या. भातावर झाकण ठेवायला शिकले. आधी सगळी वाफ घरभर जायची. आणि पुढच्या दाराला बाहेरून जाळीचं दार लावलं, म्हणजे मुख्य दार दिवसभर उघडं ठेवता येईल.

हिवाळ्यात वारा फिरला आणि पूर्वेकडून यायला लागला, माझ्या बाजूनं. मला कोण आनंद झाला! पण त्या वाऱ्याबरोबर मिलच्या धुराची काजळीही यायची. खिडकी दिवसभर अर्धवट उघडी ठेवली तर चादरीवर बोट फिरवलं की काळं व्हायचं. म्हणून मी ऊन वर आल्यावर सगळी दारं-खिडक्या एकदम सताड उघडायची, रजया उन्हात टाकायची, थोड्या वेळानं पुन्हा बंद. तेवढ्यात घरातली शिळी हवा निघून जायची. एका सकाळी सासूबाई देवाला फुलं वाहायला आल्या आणि जरा वेळ दारातच थांबल्या.

"वास गया," त्या म्हणाल्या.

मला वाटलं आता पुढचं वाक्य 'मी येते' असं असेल. त्यांनी फुलं वाहिली, नमस्कार केला आणि समोर निघून गेल्या. तिकडे जावेनं त्यांच्यासाठी कळण्याची भाकरी टाकली होती.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलेली गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. पश्चिमेचा वारा पुन्हा सुरू झाला, आणि माझ्याही घरात आला. तो जावेच्या खिडकीतून शिरायचा, तिच्या हॉलमधून तिच्या उघड्या दारातून लिफ्टच्या जागेत यायचा, माझ्या जाळीच्या दारातून माझ्या हॉलमध्ये, आणि स्वयंपाकघरातून डक्टमध्ये. म्हणजे माझ्या घरातला वारा तिच्या घरातून येत होता. त्याच्याबरोबर तिच्या फोडणीचा वास यायचा, तिच्या मशीनचा आवाज यायचा, सासूबाईंच्या गप्पा यायच्या. अंगाला गार वाटायचं आणि मन जळत राहायचं. ज्या गोष्टीसाठी मी इतकी झटले, ती शेवटी तिच्याच हातून घ्यावी लागत होती. आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता, असं मी समजत होते.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास दिरांनी एसी घेतला. बसवायला माणसं आली तेव्हा मी जाळीच्या दारातून पाहत होते. पश्चिमेच्या खिडक्या बंद झाल्या. पडदे ओढले गेले. मग समोरचं दार बंद झालं, आणि माझ्या हॉलमधली हवा जागच्या जागी थांबली. दुपारपर्यंत घर तापलं.

पण दुसऱ्याच दिवशी दुपारी जाळीवर टकटक झाली. सासूबाई काखेत चटई घेऊन उभ्या.

"ते थंड पेटीमा माले खोकला येस," त्या म्हणाल्या. "आठे टाक चटई."

मी चटई टाकली. इतक्या नीट आजवर कधी टाकली नसेल. उशी दिली, पाण्याचा तांब्या शेजारी ठेवला. चार दिवसांत खाट परत आली आणि ट्रंकही. खालच्या भाभींना मी लिफ्टमध्ये मुद्दाम सांगितलं, "बा पाछां आवी गयां." संध्याकाळी सासूबाईंना जुन्या गोष्टी सांगायला लावून मी मोठ्यानं हसायची. मोठ्यानं हसायचं कारण काय होतं, ते मला चांगलं माहीत होतं.

मात्र घर उकडत होतं. समोरचं दार बंद असल्यावर माझी सगळी खटपट वाया. सासूबाई दारापाशी सरकून बसायच्या आणि पदरानं वारा घ्यायच्या. दुसरी एक गोष्ट खटकत होती. एसी चालू असला की बाहेर डबा गुरगुरतो. तो आवाज जिन्याच्या खिडकीतून येतो. दुपारी तो आवाज येत नव्हता. म्हणजे एसी बंद, आणि तरी दार बंद.

दोन-तीन दिवस मी कान देऊन राहिले. मग एका दुपारी सासूबाईंना धाप लागल्यासारखं झालं. औषध दिलं, पाठ चोळली, जरा बरं वाटलं, पण मला राहवलं नाही. समोर जाऊन बेल वाजवली.

जावेनं दार उघडलं. घामानं तिचे केस कपाळाला चिकटले होते. एसी बंदच होता. खिडक्या उघड्या होत्या, पण दार लावल्यामुळे वाऱ्याला बाहेर जायला वाटच नव्हती. टीपॉयवरचा कागद जागचा हलत नव्हता.

"दार का लावून बसतेस गं?" मी विचारलं. "तुलाही उकडतंय आणि आम्हालाही."

"एसी असतो ना ताई."

"एसी बंद आहे."

ती मशीनवरची साडी उगाच सारखी करत राहिली. मग खाली बघतच म्हणाली, "दार उघडं ठेवलं की तुमच्याकडचं सगळं ऐकू येतं."

"मग?"

"आई हसतात ते ऐकू येतं. माझ्याकडे इतके दिवस होत्या, दिवसभर तुमच्याबद्दलच बोलायच्या. थोरली नोकरी करते, थोरली शिकलेली, थोरलीनं भिंतीपासून कपाट सरकवलं, थोरलीनं फॅन लावला. मला वाटायचं, एसी आल्यावर तरी इथे खूष राहतील. तर चटई घेऊन निघाल्याच." तिनं पदरानं चेहरा पुसला. "त्या दिवशी तुम्ही मोठ्यानं हसलात ना, तेव्हापासून एसी बंद असला तरी मी दार लावूनच ठेवते."

मी तिच्या सोफ्यावर बसले. माझ्या पोटात जे दुखत होतं, त्याच दुखण्याची दुसरी बाई समोर बसली होती. वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी बरंही वाटलं. माझाही कुणी हेवा करत होतं.

"दार उघड," मी म्हटलं. "त्यांना धाप लागली आहे."

ती उठून धावलीच. दार सताड उघडलं, दारात मशीनचं स्टूल लावलं, आणि माझ्या आधी माझ्या घरात पोचली. वारा आमच्या मागोमाग आला. सासूबाईंच्या कपाळावरचे केस हलले. त्यांनी डोळे उघडून दोघींकडे पाहिलं.

त्यानंतर दुपारी दोन्ही दारं उघडी राहायची. एसी फक्त रात्री, दिरांना झोप यावी म्हणून. मी हळू हसायला लागले. जावेनं मला सांगून टाकलं की माझं दार उघडं असलं की तिच्याकडेही वारा दुपटीनं ओढला जातो. हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ते ऐकून मला जरा राग आला.

सासूबाई आमच्याकडे किंवा समोर, कुठे राहणार यावर आम्ही दोघीही काही बोलत नव्हतो. तो निकाल त्यांनीच लावला. माझी नणंद बारडोलीजवळ राहते. तळमजल्याचं घर, पुढे अंगण, मागे उसाची शेतं. ती आईला चार दिवसांसाठी म्हणून घेऊन गेली. चार दिवसांचे आठ झाले. मग एका संध्याकाळी फोन आला. जाऊ माझ्याकडेच शेंगा सोलत बसली होती. मी स्पीकर लावला.

"आठे काय वारा शे वं माय!" सासूबाई ओरडून सांगत होत्या. "आंगनमा खाट टाकेल शे. पंखा लावानी गरजच नई. तुमना दोन्ही घरमा जीव कोंडस."

मागून नणंद हसली. तिचं हसणं ओळखीचं वाटलं.

मी फोन बंद केला. जावेनं एक शेंग फोडली, दाणे ताटलीत टाकले आणि म्हणाली, "अंगण असलं म्हणून काय झालं? मच्छर किती असतील तिथे."

"आणि पावसात सगळा चिखल," मी म्हटलं.

"ताई, रविवारी जाऊन घेऊन येऊया?"

रविवारी आम्ही बारडोलीला गेलो. सासूबाई खाटेवर बसून नातवंडांना हाका मारत होत्या, आणि त्यांचा श्वास इतका मोकळा चालला होता की माझ्या तोंडून 'चला' हा शब्द निघेना. जावेच्याही निघाला नाही. नणंदेनं जेवायला वाढलं. घरात पंखा नव्हता लावला, आणि भाताची वाफ ताटातून उठून लगेच दाराबाहेर जात होती. आम्ही दोघी ते बघत जेवलो. "पाऊस पडना का येसू," सासूबाई म्हणाल्या, म्हणजे पावसाळा लागला की येते. आम्ही दोघीच परतलो.

बसमध्ये खिडकीजवळची जागा एकच रिकामी होती, आणि जाऊ माझ्या आधी चढली होती. मी तिच्या शेजारी बसले. वाटेतलं चलथाण येईपर्यंत तिचे केस भुरुभुरु उडत होते आणि माझ्या गालाला लागत होते. मग मी तिच्या अंगावरून हात घालून काच आणखी मागे सरकवली. ती जरा पुढे झुकून बसली.